मोठ्या रुग्णालयातली चौथ्या वर्षाची इलेक्टिव्ह : डीओ विद्यार्थ्यांसाठी

तिसऱ्या वर्षाचा जानेवारी उजाडला की अमेरिकेतल्या डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) कॉलेजांमधल्या मराठी मुलांचे फोन सुरू होतात. एडिसनपासून फ्रीमॉन्टपर्यंत त्यांच्या आईबाबांचेही. प्रश्न थोड्याफार फरकानं तोच असतो : मेयो, क्लीव्हलँड क्लिनिक किंवा हॉपकिन्ससारख्या ठिकाणी चौथ्या वर्षात पाहुणा विद्यार्थी म्हणून महिनाभर काम (यालाच इलेक्टिव्ह किंवा रोटेशन म्हणतात) करायला मिळेल का, की डीओ म्हटल्यावर दारातूनच परत पाठवतील?

मी स्वतः डीओ आहे आणि एका शिकवणाऱ्या रुग्णालयात रेसिडेंटांबरोबर, म्हणजे पदवीनंतर प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांबरोबर, काम करते. दर उन्हाळ्यात पाहुणे विद्यार्थी आमच्या वॉर्डात येतात, त्यांत डीओ असतात, एमडी असतात. दारातून परत पाठवणारी ठिकाणं आहेत, ते खोटं नाही. पण माझ्या पाहण्यात जास्त मुलांची संधी हुकते ती लसीच्या कागदावर, कराराच्या सहीवर आणि दोन कॅलेंडरांच्या तारखा न जुळल्यामुळे. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घालवणार आहे. हुशारी कशी दाखवावी हे तुम्हाला इतर पुष्कळ जण सांगतील.

पार्श्वभूमी, थोडक्यात

भारतातल्या नातेवाइकांसाठी आधी एवढं सांगून ठेवते की अमेरिकेतला डीओ हा तिथल्या एमडीइतकाच (तिथे एमडी ही डॉक्टर होण्याची पहिली पदवी) पूर्ण परवान्याचा डॉक्टर असतो. औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, आयसीयू चालवतो. युरोपातले ऑस्टिओपॅथ वेगळे, ते बहुतेक देशांत डॉक्टर गणले जात नाहीत. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं, तिथून ही परंपरा सुरू झाली. आजही डीओ विद्यार्थी नेहमीच्या वैद्यकीय अभ्यासाच्या जोडीला सुमारे २०० तास हातांनी करायच्या उपचारपद्धतीचं शिक्षण घेतात.

पूर्वी डीओंच्या रेसिडेन्सी वेगळ्या होत्या. २०१५ ते २०२० या काळात दोन्ही व्यवस्था एकाच मान्यतेखाली आल्या आणि आता सगळे एकाच मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा देणाऱ्या प्रक्रियेत, उतरतात. २०२४ च्या मॅचमध्ये एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली, डीओंपैकी ९२.३ टक्क्यांना. आकडे जवळजवळ आहेत, पण त्यावरून फसू नका. कोणत्या विषयात आणि कोणत्या रुग्णालयात, हा फरक त्या टक्केवारीत दिसत नाही. ऑर्थो, ईएनटी, त्वचारोग, न्यूरोसर्जरी आणि बड्या विद्यापीठांची रुग्णालयं इथे डीओंसाठी वाट अजून अरुंद आहे.

इलेक्टिव्हचं महत्त्व इथे येतं. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं रुग्णालय नसतं. तिसरं वर्ष गावोगावच्या सामुदायिक रुग्णालयांत जातं. शिकायला तिथे भरपूर मिळतं, माझ्या मते काही बाबतींत जास्तच मिळतं, कारण तुमच्या आणि रुग्णाच्या मध्ये तीन रेसिडेंट उभे नसतात. पण तिथल्या डॉक्टरांचं शिफारसपत्र मोठ्या प्रोग्रामच्या डायरेक्टरला ओळखीचं वाटत नाही. त्यांच्या विषयातल्या, त्यांच्यासारख्याच रुग्णालयातल्या माणसानं तुम्हाला चार आठवडे पाहिलेलं त्यांना हवं असतं. इलेक्टिव्हला मुलं 'ऑडिशन' म्हणतात ते यासाठीच.

जागा निवडताना

पहिला नियम कडू आहे. ज्या प्रोग्रामच्या रेसिडेंटांमध्ये एकही डीओ नाही, तिथे केवळ नावासाठी महिना घालवू नका. प्रत्येक प्रोग्रामच्या संकेतस्थळावर सध्याच्या रेसिडेंटांचे फोटो आणि कॉलेजांची नावं असतात. शेवटच्या तीन-चार तुकड्या उघडून बसा आणि डीओ मोजा. दरवर्षी एखादा तरी दिसला तर दार उघडं आहे. पाच वर्षांपूर्वीचा एकच दिसला, तर तो बहुधा अपवाद होता. फ्रीडा आणि रेसिडेन्सी एक्स्प्लोरर या दोन संकेतस्थळांवर प्रोग्रामांची आणखी माहिती मिळते, पण फोटोंच्या पानाइतकं खरं काहीच बोलत नाही.

रुग्णालयाचा विद्यार्थी विभाग आणि त्याच रुग्णालयातला रेसिडेन्सी प्रोग्राम ही दोन वेगळी घरं असतात, हेही ध्यानात असू द्या. पहिला तुम्हाला इलेक्टिव्ह देईल आणि दुसरा मॅचच्या यादीत तुमचं नावही लिहिणार नाही, असं होऊ शकतं. उलटही होतं. प्रोग्राम डीओंना हसतमुखानं घेतो, पण विद्यापीठाचा नियम एलसीएमई मान्यतेच्या, म्हणजे एमडी कॉलेजांच्या, विद्यार्थ्यांपुरताच असतो. म्हणून दोन्ही तपासा.

कॉलेजाचे जुने संबंध वापरायला लाजू नका. उदाहरणार्थ, ओहायो विद्यापीठाच्या डीओ कॉलेजाचा क्लीव्हलँड परिसरातला कॅम्पस क्लीव्हलँड क्लिनिकच्या साउथ पॉइंट रुग्णालयाच्या आवारात आहे. असा संबंध असला की निम्मे कागद आधीच झालेले असतात. तुमच्या कॉलेजाचा कोणत्या रुग्णालयांशी करार आहे, ही यादी क्लिनिकल एज्युकेशन विभागाकडे असते आणि मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही. जानेवारीतच मागा. गेल्या दोन वर्षांतले कोणते सीनियर कुठे जाऊन आले, तेही विचारा. ज्या ठिकाणी तुमच्या कॉलेजाची मुलगी गेल्या वर्षी चांगलं काम करून गेली, तिथल्या कोऑर्डिनेटरला तुमच्या कॉलेजाचं नाव तरी माहीत असतं.

किती ठिकाणी जायचं? इंटर्नल मेडिसिन, बालरोग, फॅमिली मेडिसिन या विषयांत एक-दोन पुरेत. ऑर्थोसारख्या विषयात दोन-तीन किंवा जास्त लागतात. यादी करताना एक स्वप्नातलं ठिकाण ठेवा, बाकीची अशी ठेवा जिथे तुम्ही खरंच तीन ते सात वर्षं राहायला तयार आहात. बॉस्टनमध्ये चार आठवडे राहण्याचा खर्च ओहायोतल्या दोन महिन्यांना पुरेल, हा हिशेबही त्यात असू द्या.

परीक्षांचे निकाल

परवान्यासाठीच्या परीक्षांपैकी डीओंसाठी कॉमलेक्स (तिचे टप्पे म्हणजे 'लेव्हल') सक्तीची, एमडींची यूएसएमएलई (तिचे टप्पे म्हणजे 'स्टेप') ऐच्छिक. स्टेप १ जानेवारी २०२२ पासून आणि कॉमलेक्स लेव्हल १ त्याच वर्षीच्या मेपासून फक्त पास-नापास झाल्या. पण इलेक्टिव्हच्या जाहिरातीत काही ठिकाणी 'स्टेप १ उत्तीर्ण' अशी अट अजून असते आणि कॉमलेक्स चालेल का ते लिहिलेलं नसतं. अशा वेळी स्वतःच 'नाही चालणार' असं ठरवून पुढे जाऊ नका. कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा ईमेल टाका. बऱ्याचदा जाहिरात जुनीच असते आणि कुणी बदललेली नसते.

स्पर्धेच्या विषयात जायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे : स्टेप २ द्या. लेव्हल २ आणि स्टेप २ मध्ये एक-दोन आठवड्यांचं अंतर ठेवून दोन्ही उरकणारे बरेच असतात, कारण अभ्यास बहुतांश एकच. मात्र पहिल्या इलेक्टिव्हच्या महिन्यात परीक्षा ठेवू नका. दिवसा वॉर्ड आणि रात्री प्रश्नपेढी असं करणारा विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात राउंडवर डुलक्या काढतो, आणि ते सगळ्यांना दिसतं.

कागद : इथे जास्त वेळ द्या

बहुतेक मोठी रुग्णालयं व्हीएसएलओ या एएएमसीच्या (अमेरिकन वैद्यकीय कॉलेजांच्या संघटनेच्या) ऑनलाइन प्रणालीतून अर्ज घेतात. जुनी मुलं तिला व्हीएसएएस म्हणतात. काही ठिकाणी क्लिनिशियन नेक्सस लागतं, काही ठिकाणी अजून थेट ईमेल आणि पीडीएफ. व्हीएसएलओत तुम्ही स्वतः खातं उघडू शकत नाही, तुमच्या कॉलेजाला ते द्यावं लागतं. फेब्रुवारी उजाडला आणि ते मिळालं नसेल तर मागे लागा.

लागणारे कागद असे : सीव्ही, फोटो, गुणपत्रक, परीक्षांचे निकाल, लसीकरणाचा फॉर्म, बीएलएस आणि काही ठिकाणी एसीएलएस या जीवरक्षक उपचारांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हिपाचं (रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याचं) आणि रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाबद्दलचं प्रशिक्षण, पार्श्वभूमी तपासणी, लघवीतली अमली पदार्थांची चाचणी, एन९५ मास्कची फिट टेस्ट, आरोग्यविमा आणि कॉलेजाच्या व्यावसायिक विम्याचा दाखला. या विम्याची मर्यादा सहसा एका घटनेला दहा लाख डॉलर आणि एकूण तीस लाख अशी मागतात. तुमच्या कॉलेजाचा विमा त्यात बसतो का, हे कॉलेजच सांगेल. दाढी ठेवणाऱ्यांनी फिट टेस्टच्या वेळी ती काढावी लागेल हे गृहीत धरा. धार्मिक कारणानं ठेवली असेल तर आधी कळवा, हवा शुद्ध करणाऱ्या हूडची सोय असते.

आता लसींबद्दल. आपल्या मुलांचं घोडं सगळ्यात जास्त इथेच अडतं.

भारतात जन्मलेल्या मुलांना लहानपणी बीसीजी दिलेली असते. टीबीची त्वचेवरची चाचणी त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, आरोग्य विभागाचं पत्र, फोनाफोनी, असं सुरू होतं. क्वांटिफेरॉनसारख्या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून पहिल्यांदाच ती मागा. तीही पॉझिटिव्ह आली तर मात्र ती खरी समजून डॉक्टरांना दाखवा, 'आपल्याकडे सगळ्यांची येते' म्हणून सोडून देऊ नका.

हिपॅटायटिस बीचंही तसंच. भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस देशभर २०११ मध्ये आली. २००० च्या आसपास पुण्यात किंवा सांगलीत जन्मलेल्या मुलाला ती खासगी डॉक्टरांनी दिली असेल तरच कार्डावर असते. आणि कार्डावर असली तरी रुग्णालयाला त्याचं फारसं काही नसतं. त्यांना रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा हवा असतो, १० किंवा त्याहून जास्त. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला अहवाल परत येतो. म्हणून रक्त देतानाच आकड्यातला अहवाल हवा असं सांगा. आकडा कमी आला तर पुन्हा डोस, मग एक-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त. हे जूनमध्ये कळलं तर जुलैची इलेक्टिव्ह गेलीच म्हणून समजा.

गोवर, गालफुगी, रुबेला यांचे दोन डोस लागतात, त्यांच्यात किमान २८ दिवसांचं अंतर. आणि एक बारीक गोष्ट, जी विद्यार्थी आरोग्य केंद्रातली नर्ससुद्धा कधीकधी विसरते : एमएमआर किंवा कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते आणि तिच्यामुळे टीबीच्या चाचणीचा निकाल तात्पुरता बिघडू शकतो. त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी करा, नाहीतर लस घेतल्यावर चार आठवडे थांबून टीबीची चाचणी करा. क्रम चुकला की महिना गेला.

या सगळ्याची नोंद एएएमसीच्या प्रमाणित लसीकरण फॉर्मवर करून सही घ्या. आई किंवा बाबा डॉक्टर असले तरी त्यांची सही घेऊ नका, घरच्या माणसानं भरलेला फॉर्म पाहिला की लोकांच्या भुवया उंचावतात. प्रत्येक अहवालाचा वेगळा स्कॅन, नावात आडनाव आणि तारीख. आयफोननं तिरका काढलेला, टेबलक्लॉथ दिसणारा फोटो पाठवू नका. कोऑर्डिनेटर पुढच्याचा अर्ज उघडते.

व्हिसाबद्दलही इथेच सांगते. आईबाबांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ वर लहानाचे मोठे झालेले कित्येक जण २१ वर्षांचे झाल्यावर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेले असतात. त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसू शकतो, आणि पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्ममध्ये तो रकाना सक्तीचा असतो. मनानं शून्यं भरू नका. तपासणी करणाऱ्या कंपनीला आणि कोऑर्डिनेटरला आधीच लिहा, पर्यायी मार्ग असतो. रोटेशन दुसऱ्या राज्यात असेल तर कॉलेजाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओ या अधिकाऱ्यालाही विचारूनच पाऊल टाका.

दोन कॉलेजांमधला करार

तुमचं कॉलेज आणि यजमान रुग्णालय यांच्यात संलग्नता करार असावा लागतो. विम्याची जबाबदारी कुणाची, विद्यार्थ्याला सुई टोचली तर खर्च कुणाचा, तक्रार झाली तर कुणी चौकशी करायची, हे त्यात असतं. पुष्कळ एमडी कॉलेजांचे एकमेकांशी करार आधीच असतात, एएएमसीनं त्यासाठी एक समान मसुदाही केलेला आहे. डीओ कॉलेजांना मोठ्या रुग्णालयाशी अनेकदा नव्यानं करार करावा लागतो, आणि तो दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलावर पडून राहतो. एक पक्ष सरकारी विद्यापीठ असेल तर आणखी गुंता, कारण राज्याच्या कायद्यामुळे नुकसानभरपाईच्या काही अटींवर त्यांना सही करता येत नाही. दोन-तीन महिने सहज जातात.

विद्यार्थी म्हणून तुम्ही कराराचा मजकूर बदलू शकत नाही. तुमच्या हातात एवढंच आहे की तो कुणाच्या टेबलावर आहे ते तुम्हाला माहीत असावं. व्हीएसएलओत इलेक्टिव्हचं पान उघडून करार लागतो का ते पाहा. लागत असेल तर अर्ज करायच्या आधीच तुमच्या कॉलेजाच्या कोऑर्डिनेटरला विचारा : 'आपला यांच्याशी करार आहे का, त्याची मुदत कधी संपते, नसेल तर त्यांचा मसुदा आपण स्वीकारतो का?' 'मुदत कधी संपते' हा प्रश्न मुलं विसरतात. जूनच्या ३० तारखेला संपणारा करार तुमच्या ऑगस्टच्या रोटेशनला काही कामाचा नाही. मग दर दोन आठवड्यांनी नम्रपणे चौकशी करा, दररोज नको. ज्या बाई हे काम करतात त्या एकाच वेळी दोन-तीनशे मुलांची रोटेशन सांभाळत असतात. त्यांच्याशी गोड बोलणं हा चौथ्या वर्षातला सगळ्यात किफायतशीर गुण आहे, आणि मी हे थट्टेनं म्हणत नाही.

तारखा

डीओ कॉलेजांचे ब्लॉक, म्हणजे रोटेशनचे ठरलेले कालखंड, बऱ्याचदा महिन्याच्या १ तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत असतात. मोठ्या विद्यापीठांचे ब्लॉक चार आठवड्यांचे, सोमवारी सुरू होणारे. त्यामुळे एक रोटेशन ३१ जुलैला संपतं आणि दुसरं २८ जुलैलाच सुरू होतं. चार दिवसांच्या या भांडणात चांगली ऑफर सोडावी लागलेली मुलं मी पाहिली आहेत. उपाय असा की एप्रिलमध्येच जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांचं कोरं कॅलेंडर घ्या, सगळ्या यजमानांचे ब्लॉक वेगवेगळ्या रंगांनी भरा, आणि मध्ये दोन आठवड्यांचे सुट्टीचे किंवा ऑनलाइन इलेक्टिव्हचे ब्लॉक टाकता येतात का ते कॉलेजाला विचारा. असा मऊ ब्लॉक दोन कडक ब्लॉकांच्या मध्ये बसतो.

कोणता महिना चांगला? ईरास या रेसिडेन्सीच्या अर्जप्रणालीवरचे अर्ज प्रोग्रामांना सप्टेंबरच्या अखेरीला दिसू लागतात. म्हणून ज्या ठिकाणचं शिफारसपत्र हवं आहे ते रोटेशन जुलै किंवा ऑगस्टमध्ये ठेवा. सप्टेंबरमध्येही चालतं, पण पत्र लिहिणाऱ्याची धावपळ होते. ऑक्टोबरचं रोटेशन पत्रासाठी उशिराचं, चेहरा दाखवण्यासाठी ठीक. इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांना एसएलओई हे ठरावीक नमुन्याचं सामूहिक पत्र लागतं, त्यांनी तर जुलैच पकडावा. आणि जिथे सगळ्यात जास्त जायची इच्छा आहे ते रोटेशन पहिलं ठेवू नका. पहिल्या आठवड्यात एपिक या रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर कुठे दिसते आणि लॅबचे निकाल कुठे, हे शोधण्यातच माणूस घामाघूम होतो. ती धडपड दुसरीकडे होऊ द्या.

अर्ज आणि ईमेल

यजमान संस्था साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अर्ज उघडतात, प्रत्येकाची तारीख वेगळी. उघडल्या दिवशी अर्ज करा. काही ठिकाणी आलेल्या क्रमानं पाहतात. अर्ज तुम्ही पाठवला तरी तुमच्या कॉलेजानं तो तपासून पुढे सोडल्याशिवाय यजमानाला दिसत नाही. ही मधली पायरी कित्येकांना माहीतच नसते. तीन आठवडे 'उत्तर का येत नाही' म्हणून बसतात आणि अर्ज घरीच पडलेला असतो.

अर्जात 'इथे का यायचं आहे' असं विचारतात. तिथे रुग्णालयाच्या क्रमवारीचं कौतुक लिहू नका, त्यांना ती पाठ आहे. तुम्ही काय पाहिलंत आणि काय पाहायचं राहिलं, ते लिहा. 'माझ्या तिसऱ्या वर्षाच्या रुग्णालयात यकृत-प्रत्यारोपण होत नव्हतं. सिरोसिसचे रुग्ण आम्ही स्थिर करून तुमच्यासारख्या केंद्रात पाठवत होतो. पुढे त्यांचं काय होतं ते मला पाहायचं आहे.' असं चार ओळींत खरं लिहिलेलं वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतं. हातांच्या उपचारपद्धतीचा उल्लेख करायचा का, असं मुलं विचारतात. कंबरदुखीच्या रुग्णाला तुम्ही खरोखर काही केलं असेल तर एका वाक्यात लिहा. लपवूही नका, त्याचं निशाण घेऊन फिरूही नका.

ईमेल इंग्रजीतच जाणार, पण त्याचा सांगाडा असा ठेवा. विषयाच्या ओळीत : चौथ्या वर्षाचा पाहुणा विद्यार्थी, विषय, हवा असलेला ब्लॉक. पहिल्या ओळीत नाव, कॉलेज, पदवीचं वर्ष. दुसरीत एकच प्रश्न : तुम्ही सीओसीए मान्यतेच्या, म्हणजे डीओ, कॉलेजांचे विद्यार्थी या इलेक्टिव्हसाठी घेता का, आणि कॉमलेक्स पुरते का? तिसरीत : माझे सगळे कागद तयार आहेत, दुसरा ब्लॉकही चालेल. खाली फोन नंबर. बस. सीव्ही जोडा, आत्मचरित्र नको. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलवर एकदा आठवण. त्यानंतरही शांतता असेल तर प्रोग्राममधल्या एखाद्या डीओ रेसिडेंटला लिहा. ते बहुतेक उत्तर देतात, कारण त्यांनीही हेच भोगलेलं असतं.

शुल्काच्या रकान्याकडे लक्ष द्या. काही संस्था अर्जाशिवाय वेगळं रोटेशनचं शुल्क घेतात, आणि ते डीओंना जास्त असल्याची उदाहरणं आहेत. मला ते अजिबात पटत नाही, पण अर्ज करायच्या आधी माहीत असलेलं बरं. पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्याही असतात. कुणासाठी आहेत ते नीट वाचा, दरवर्षी अटी बदलतात.

ऑफर आली की उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात. 'हो' म्हटलं की त्याच ब्लॉकचे बाकीचे अर्ज त्याच दिवशी मागे घ्या. आणि स्वीकारलेली ऑफर शेवटच्या महिन्यात मोडू नका. तुमच्यामुळे रिकामी गेलेली जागा त्यांच्या लक्षात राहते, आणि पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजाच्या मुलांना त्याचा फटका बसतो.

राहण्याची सोय

रोटेटिंग रूमवर विद्यार्थी आपापसांत खोल्या देतात-घेतात, फर्निश्ड फाइंडरवर प्रवासी नर्सांसाठीच्या जागा असतात. दोन्ही आधी पाहा. शिवाय आपलं नेहमीचं जाळं आहेच : महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'मुलीला चार आठवडे खोली हवी' एवढं टाकलं की कुणाच्या तरी तळघरातली खोली निघते, शिवाय रात्रीचं वरणभात. फक्त यजमान काकूंना आधीच सांगा की पहाटे साडेचारला उठून जायचं आहे आणि जेवायला थांबू नका.

तो महिना

पहिल्या दिवशी बॅज, पार्किंग, एपिकचं प्रशिक्षण आणि स्क्रब देणाऱ्या यंत्राचं खातं यातच दुपार होते. हे आधीच्या आठवड्यात ईमेलनं सुरू करून ठेवा. एपिकचा ॲक्सेस नसलेला विद्यार्थी पहिले दोन दिवस भिंतीला टेकून उभा असतो.

वॉर्डात तुमच्याकडून प्रतिभेची अपेक्षा नसते. तुमच्या दोन-तीन रुग्णांबद्दल तुम्हाला टीममध्ये सगळ्यात जास्त माहीत असावं, इतकीच असते. रात्री पोटॅशियम किती होतं, मुलगी कधी भेटायला येणार, घरी जिना आहे का. राउंडवर सादर करताना कागदातून वाचू नका. माहीत नसेल तर 'पाहून सांगते' म्हणा आणि खरंच पाहून सांगा, त्याच दिवशी. दुसऱ्या पाहुण्या विद्यार्थ्याच्या रुग्णाबद्दल मध्येच उत्तर देऊ नका. असं करणाऱ्या मुलाला वाटतं त्यानं बाजी मारली, आणि मागे उभे असलेले रेसिडेंट एकमेकांकडे पाहतात. तुमच्याबद्दल अंतिम मत बऱ्याचदा रेसिडेंटांच्या खोलीतच ठरतं. नर्सांशी, युनिटच्या क्लार्कशी कसे बोलता, तेही तिथे पोचतं.

आपल्या मुलांना एक सवय असते, मोठ्यांसमोर गप्प राहायची. घरात ती शोभते, राउंडवर तिचा अर्थ 'याला काही येत नाही' असा लावला जातो. दिवसाला एक प्रश्न विचाराच, आणि तो उत्तर गुगलवर नसलेला असू द्या : या रुग्णात तुम्ही दुसरं औषध का निवडलंत?

कुणी डीओबद्दल टोमणा मारला तर वाद घालू नका, रुग्णाकडे चला. जाणूनबुजून त्रास होत असेल तर कॉलेजाला लिहून कळवा, ती वेगळी गोष्ट.

दुसरा आठवडा संपताना अटेंडिंगना, म्हणजे टीमच्या वरिष्ठ डॉक्टरांना, दहा मिनिटं मागा आणि काय सुधारू ते विचारा. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट तिसऱ्या आठवड्यात बदललेली त्यांना दिसली, तर पत्रात नेमकी तीच लिहिली जाते. पत्र चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला मागा, शेवटच्या दिवशी घाईत नको. 'माझ्यासाठी ठाम, चांगलं पत्र लिहू शकाल का?' असंच विचारा. समोरच्यानं क्षणभर आढेवेढे घेतले तर आभार मानून दुसऱ्याला विचारा, कोमट पत्रापेक्षा पत्र नसलेलं बरं. 'हो' म्हटलं की त्याच संध्याकाळी ईरासची विनंती, सीव्ही आणि तुम्ही पाहिलेल्या तीन-चार रुग्णांची टिपणं पाठवा. पत्र वाचण्याचा हक्क सोडून द्या, नाहीतर वाचणाऱ्याला त्यावर विश्वास बसत नाही.

महाराष्ट्रात एमबीबीएस करणाऱ्या मुलांसाठी हा रस्ता नाही. त्यांना अमेरिकेत इलेक्टिव्ह करायची तर कॉलेजाचं पत्र, इंटर्नशिप संपण्याआधीची वेळ आणि सहसा बी-१ व्हिसा अशी वेगळी प्रक्रिया आहे, आणि फार थोड्या संस्था त्यांना घेतात.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे आणि त्यातच रोटेशनचं क्रेडिट अडकतं. तुमच्या कॉलेजाचा मूल्यमापन फॉर्म यजमान रुग्णालय आपणहून भरत नाही, त्यांचा स्वतःचा वेगळा असतो. पहिल्याच आठवड्यात कोऑर्डिनेटरला तो पाठवा, शेवटच्या बुधवारी आठवण करा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा. बॅज, पार्किंगचं कार्ड आणि स्क्रब परत केल्याचा ईमेलही जपून ठेवा. एका न परतवलेल्या स्क्रबच्या जोडीपायी डिसेंबरपर्यंत अडकलेले ग्रेड मी पाहिले आहेत.